नदीकाठचा सिस्ले

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी यथातथाच, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सिव्हिलची. मागच्या सेमला सेमिनारसाठी झुलत्या पुलांचे फोटो शोधत होते, तर हाती लागलं एक चित्र. निळं आकाश, संथ वाहणारी सीन नदी, काठावर घरं, पाण्यात होड्या आणि वर झुलता पूल. 'व्हिलनव्ह-ला-गारेनचा पूल', १८७२. चित्रकार आल्फ्रेड सिस्ले. पूल राहिला बाजूला, मी या माणसाच्याच मागे लागले.

सिस्लेचा जन्म १८३९ मध्ये पॅरिसला झाला. आईवडील मात्र इंग्रज. वडिलांचा व्यापार होता. मुलाने धंदा शिकावा म्हणून १८५७ मध्ये त्याला लंडनला पाठवलं. पठ्ठ्याचं लक्ष तिथे हिशेबापेक्षा टर्नर आणि कॉन्स्टेबलच्या चित्रांकडे! परत येऊन तो ग्लेअर यांच्या स्टुडिओत दाखल झाला. तिथे मोने, रेन्वार, बाझीय असे दोस्त मिळाले. घरून पैसे येत होते तोवर सगळं ठीक होतं. १८७० च्या युद्धात वडिलांचा धंदा बुडाला. आता पदरात दोन मुलं आणि पोट चित्रांवर.

मला थांबवलं ते इथे. मी पाहिलेलं ते शांत चित्र या संकटाच्या नंतरचं आहे! १८७६ मध्ये पोर-मार्लीला पूर आला, तेव्हा त्याने पूरही रंगवला, तोही तसाच शांतपणे. चित्रं मात्र किरकोळ किमतीला जायची. ज्या देशात जन्मला, त्याचं नागरिकत्वही त्याला मिळालं नाही. १८९८ मध्ये बायको गेली. जानेवारी १८९९ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, घशाच्या कॅन्सरने तोही गेला. पुढच्याच वर्षी त्याचं पुराचं एक चित्र ४३,००० फ्रँकला विकलं गेलं!

खरं सांगू? बारावीनंतर मलाही चित्रकलेला जायचं होतं. घरचे म्हणाले, आधी डिग्री. तेव्हा राग आला होता. सिस्लेचे हाल वाचल्यावर त्यांची भीती मला थोडी कळली. कॉलेज तर मी सोडणार नाहीच. पण दोन वर्षं माळ्यावर पडलेली रंगपेटी दिवाळीच्या सुट्टीत घरून आणली आहे.

तेव्हा रेक्टर मॅडम, आमच्या रूममधून टर्पेंटाइनचा वास आला, तर प्लीज समजून घ्या!