लिव्हिंगस्टन यांची औषधपेटी

नाशिक शहरातील शरणपूर हा भाग आपल्या ख्रिस्ती बांधवांना चर्च मिशनरी सोसायटीच्या कार्यामुळे परिचित आहे. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात येथे आश्रयास ठेवली जात, त्यांना शिक्षण दिले जाई व सुतारकी, लोहारकी यांसारखे धंदे शिकविले जात. १८६५ साली एक उंच नव्हे, पण काटक, उन्हाने रापलेला, डावा हात नीट न उचलता येणारा स्कॉटिश डॉक्टर या मुलांना भेटण्यासाठी मुंबईहून नाशिकला आला. आफ्रिकेत परत जाण्यास कोण तयार आहे, असे त्याने विचारले. नऊ मुले तयार झाली. तो डॉक्टर म्हणजे डेव्हिड लिव्हिंगस्टन.

लिव्हिंगस्टन यांचे चरित्र आपल्याकडे संडे स्कूलपासून सांगितले जाते. सिंहाचा हल्ला, महान धबधबा, स्टॅन्लेची भेट आणि गुडघ्यांवर आलेले मरण, एवढ्यावर ते बहुधा संपते. त्यांच्या आयुष्याचा एक धागा मात्र या कथनात सुटून जातो, तो म्हणजे हिवताप. तीस वर्षे हा ताप त्यांच्यासोबत चालला. त्याने त्यांची पत्नी नेली, सहकारी नेले, आणि अखेरीस त्यांनाही इतके पोखरले की दुसऱ्या दुखण्याला तोंड देण्याचे बळ उरले नाही.

त्यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधील ब्लॅन्टायर येथे एका गरीब, धर्मशील कुटुंबात झाला. वयाच्या दहाव्या वर्षी ते सूतगिरणीत तुटलेले धागे जोडण्याच्या कामास लागले. पहाटे सहा ते रात्री आठ असा तो दिवस असे. पहिल्या वेतनातील काही पैशांतून त्यांनी लॅटिनचे व्याकरण विकत घेतले, आणि यंत्रावर पुस्तक टेकवून जाता-येता एकेक वाक्य वाचण्याची सवय लावून घेतली. सभोवती यंत्रांचा खडखडाट असताना मन एकाग्र ठेवण्याची जी शक्ती त्यांना पुढे लाभली, तिचे मूळ या गिरणीत होते. गिरणीतील कष्टांतून पैसे साठवूनच त्यांनी १८३६ साली ग्लासगो येथे वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. त्यांना जावयाचे होते चीनला. परंतु अफूच्या युद्धाने ती वाट अडविली, आणि रॉबर्ट मॉफट यांच्या भेटीनंतर त्यांचे मन आफ्रिकेकडे वळले. १८४० च्या नोव्हेंबरमध्ये वैद्यकीय परवाना मिळाला, डिसेंबरमध्ये त्यांनी इंग्लंडचा किनारा सोडला.

मॉफट यांचे नाव आले म्हणून शास्त्र-भाषांतराच्या कामात असलेल्या माणसाला दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. त्स्वाना भाषेतील नवा करार १८४० मध्ये व संपूर्ण पवित्र शास्त्र १८५७ मध्ये छापून झाले, ते मॉफट यांच्याच परिश्रमांनी. १८४५ मध्ये लिव्हिंगस्टन यांनी मॉफट यांची कन्या मेरी हिच्याशी विवाह केला. शिमोनाच्या सासूला आलेल्या तापासाठी शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द आहे, त्याच्या पोटात 'अग्नी' हा शब्द आहे. आपल्या मराठीने मात्र 'हिवताप' या एकाच शब्दात थंडी व उष्णता दोन्ही धरून ठेवल्या. ज्याने हा ताप भोगला आहे, त्याला मराठीचा शब्द अधिक खरा वाटेल.

१८५० मध्ये लिव्हिंगस्टन पत्नी व मुलांसह न्गामी सरोवराकडे गेले असता मुलांना ताप आला. या आजाराशी त्यांचा घरातूनच सामना सुरू झाला. त्या काळी हा ताप दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने होतो, असा सार्वत्रिक समज होता. परजीवी जंतू लाव्हरां यांना १८८० मध्ये दिसला, आणि डासाच्या पोटातील त्याचे रूप रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे १८९७ मध्ये सापडले. म्हणजे लिव्हिंगस्टन अंधारातच चाचपडत होते. तरी पाहिलेले टिपून ठेवण्याची सवय किती उपयोगी पडते पाहा: जेथे डासांचे थवे दिसतात, तेथे हिवताप असतोच, असे निरीक्षण त्यांनी लिहून ठेवले होते. कारण कळले नाही, पण सोबत कळली.

औषध मात्र एक ठाऊक होते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातल्या सिंकोना झाडाची साल सतराव्या शतकात जेझुइट धर्मसेवकांच्या द्वारे युरोपात आली होती. १८२० मध्ये पेल्तिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून क्विनाइन वेगळे केले. आपले वडीलधारे त्यालाच कोयनेल म्हणत आणि त्याच्या कडू चवीच्या आठवणीनेही तोंड वेडेवाकडे करीत. लिव्हिंगस्टन यांनी या क्विनाइनला जलाप नावाच्या मेक्सिकन मुळाची राळ, रेवाचिनी व कॅलोमेल हा पाऱ्याचा क्षार यांची जोड दिली, आणि वेलदोड्याच्या अर्कात मळून गोळ्या केल्या. आधी पोट साफ करावयाचे, आणि मग कान वाजू लागेपर्यंत वा बधिर होईपर्यंत दर दोन-तीन तासांनी क्विनाइन द्यावयाचे, अशी त्यांची पद्धती होती. अंथरुणाला खिळलेल्यालाही उठवून बसवितात म्हणून त्यांच्या माणसांनी या गोळ्यांना 'राउझर', म्हणजे 'उठवणाऱ्या', असे नाव ठेवले. पुढे बरोज वेलकम या औषध कंपनीने त्या लिव्हिंगस्टन यांच्याच नावाने विकल्या. आजचे वैद्यक यातील पाऱ्याला व जुलाबाला मुळीच मान्यता देणार नाही. गुण होता तो झाडाच्या सालीचा.

१८५३ ते १८५६ या काळात त्यांनी आफ्रिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडला. वारंवार तापाने फणफणत असतानाही ते आकाशातील ताऱ्यांवरून अक्षांश-रेखांश काढीत व वहीत उतरवीत. एवढ्या काटेकोर माणसाच्या हातून एक चूक घडली, आणि तिची किंमत फार मोठी होती. परतीच्या वाटेत झांबेझी नदीचा केब्राबासा हा खडकाळ भाग त्यांनी जवळची वाट धरून टाळला, तो स्वतः पाहिला नाही, आणि नदी जहाजांना मोकळी आहे असे मानले. त्या समजुतीवर १८५८ मध्ये ब्रिटिश सरकारची मोहीम निघाली. त्याच वर्षाच्या अखेरीस जहाज धबधब्यांपुढे थांबले. हजार नोंदी केल्या, आणि ज्या एका नोंदीवर सर्व अवलंबून होते तीच केली नाही.

याच मोहिमेत क्विनाइनचा एक प्रयोग झाला. सुरुवातीला लोकांना ताप येऊच नये म्हणून शेरीच्या पेल्यातून दररोज दोन ग्रेन, म्हणजे सुमारे १३० मिलिग्रॅम, क्विनाइन दिले जाई. पुढे कित्येक महिने दोघे सोडून सर्वजण ते रोज सकाळी घेत. लिव्हिंगस्टन यांनी घेणाऱ्यांकडे व न घेणाऱ्यांकडे सारखेच लक्ष ठेवले. घेणारे आजारी पडत आणि न घेणारे कधी कधी सुटत, असे दिसून आले. तेव्हा त्यांनी ही प्रथा बंद केली व ताप येताच औषध द्यावयाचे ठरविले. आपल्या आवडत्या औषधाविरुद्ध जाणारा पुरावा त्यांनी दडपला नाही, हे मोठेपणाचे आहे. परंतु निष्कर्ष चुकीचा होता. १८५४ साली डॉ. बेकी यांच्या जहाजाने पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदीत प्रवास केला होता, नेमाने क्विनाइन घेतले गेले होते, आणि एकही युरोपियन दगावला नव्हता. त्याच नदीवर १८४१ च्या मोहिमेतील चाळीसहून अधिक लोक मेले होते. झांबेझीवरील मात्रा फार तुटपुंजी होती, आणि न घेणारे दोघेच असल्यामुळे तुलनेला आधार नव्हता.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना हात जड होतो. लंडन मिशनरी सोसायटीने हेल्मोर व प्राइस या मिशनरींना सहकुटुंब मकोलोलो लोकांत, लिन्यान्ती येथे पाठविले होते. १८६० मध्ये तेथे तापाने हेल्मोर, त्यांची पत्नी, त्यांची दोन मुले व प्राइस यांचे तान्हे बाळ मरण पावले. परतीच्या वाटेवर प्राइस यांची पत्नीही गेली. त्याच वर्षी लिव्हिंगस्टन लिन्यान्तीला पोहोचले. १८५३ साली त्यांनी तेथे ठेवलेली बैलगाडी लोकांनी जशीच्या तशी सांभाळली होती. गाडीत औषधपेटी होती. पेटीत क्विनाइन होते. ती माणसे गाडीपासून थोड्याच अंतरावर तडफडून मेली, आणि औषध इतके जवळ आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही, कारण सांगणारालाच ते ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी लिव्हिंगस्टन यांचे तापावरील उपचारांचे पत्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले.

३१ जानेवारी १८६२ रोजी बिशप मॅकेन्झी शिरे नदीच्या काठी वारले. त्यांची होडी उलटून औषधे पाण्यात गेली होती. आणि त्याच वर्षी, पतीला येऊन मिळाल्यावर अवघ्या तीन महिन्यांत, मेरी लिव्हिंगस्टन यांना शुपांगा येथे ताप आला. या वेळी औषध होते, डॉक्टर होते, आणि डॉक्टर पतीच होते. परंतु उलट्या थांबेनात. दिलेला प्रत्येक घोट बाहेर पडे. २७ एप्रिल, रविवारी, सायंकाळी त्या निवर्तल्या. वय एकेचाळीस. एका बाओबाब वृक्षाखाली त्यांना मूठमाती देण्यात आली. सेवेच्या नावाखाली लिव्हिंगस्टन यांनी पत्नीला व मुलांना जी वर्षानुवर्षे एकटी टाकली, तिचे समर्थन प्रस्तुत लेखकाला करता येत नाही, आणि त्या दिवसानंतर त्यांना स्वतःलाही ते करता आले असेल असे वाटत नाही.

सरकारने मोहीम परत बोलाविली. 'लेडी न्यासा' हे स्वतःचे छोटे जहाज स्वतःच हाकारीत ते १८६४ च्या जूनमध्ये मुंबईस आले. सोबतच्या चुमा व विकतानी या मुलांना त्यांनी डॉ. जॉन विल्सन यांच्या स्वाधीन केले. सहा हजार पौंडांचे जहाज पुढे मुंबईत तेवीसशेला विकले, आणि ते पैसेही बँक बुडाल्याने गेले.

जानेवारी १८६६ मध्ये चुमा, विकतानी व नाशिकची नऊ मुले यांच्यासह त्यांनी मुंबई सोडली. नाईल नदीचा उगम शोधणे व गुलामांच्या व्यापाराचे सत्य जगापुढे मांडणे हे हेतू होते. एका वर्षाने, २० जानेवारी १८६७ रोजी, दोन हमाल रानात पळाले. औषधपेटी नेहमी जपून वाहणाऱ्या मुलाने नेमकी त्या दिवशी ओझ्याची अदलाबदल केली होती, आणि पेटी पळालेल्यांबरोबर गेली. पावसाने त्यांच्या पायखुणाही पुसून टाकल्या. हा आपल्याला झालेला मृत्युदंडच आहे, असे लिव्हिंगस्टन यांना वाटले. तथापि ते परतले नाहीत. १८७१ च्या अखेरीस स्टॅन्ले उजिजी येथे भेटेपर्यंत त्यांचे शरीर झिजत गेले. या काळात कागद संपला तेव्हा जुन्या वर्तमानपत्रावर, छापील ओळींवर आडवे, वनस्पतींच्या रसाच्या शाईने त्यांनी नोंदी चालू ठेवल्या.

१ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी, ते बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले. नाशिकचे पहिले बहुतेक जण वाटेत सोडून गेले होते, पण एडवर्ड गार्डनर व मब्रुकी शेवटपर्यंत राहिले. आणि १८७२ मध्ये नव्याने येऊन मिळालेला नाशिकचाच जेकब वेनराइट याने प्रार्थना वाचली व झाडावर नाव कोरले. मग ते शरीर मिठाने व उन्हाने सुकवून, सालीत गुंडाळून, कित्येक महिने चालत त्यांनी समुद्रापर्यंत आणले. लंडनला सिंहाने मोडलेल्या डाव्या दंडाच्या हाडावरून ओळख पटविण्यात आली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीशी चालणाऱ्यांत जेकब वेनराइट होता.

चुमा व सुसी यांना मात्र इंग्लंडला पोहोचण्यास उशीर झाला. ते आले तेव्हा होरेस वॉलर त्या भिजलेल्या, मळलेल्या वह्या उलगडून बसले होते. जेथे अक्षर लागत नसे, तेथे ते दोघे आठवून सांगत, आणि वॉलर लिहून घेत.