दाढ बधिर करणारे डॉ. हॉलस्टेड

खालची दाढ काढायची असली, की दंतवैद्य जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात आतल्या बाजूने एक इंजेक्शन देतात. चार-पाच मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड होते. मग दाढ उपटताना ओढ जाणवते, पण दुखत नाही. या इंजेक्शनची सुरुवात दंतवैद्याने केलेली नाही. नोव्हेंबर 1884 मध्ये न्यूयॉर्कमधील एका शल्यचिकित्सकाने ते प्रथम दिले. त्यांचे नाव विल्यम स्ट्यूअर्ट हॉलस्टेड.

हॉलस्टेड यांचा जन्म 1852 चा, न्यूयॉर्कच्या एका सधन व्यापारी घरातला. येल विद्यापीठात असताना त्यांचे लक्ष पुस्तकांपेक्षा फुटबॉलच्या मैदानावर अधिक असे. वैद्यकाकडे वळल्यावर मात्र ते झपाटल्यासारखे शिकले. 1877 मध्ये पदवी घेतली, दोन वर्षे युरोपातील रुग्णालयांत काढली आणि न्यूयॉर्कला परतल्यावर धाडसी व जलद हाताचे सर्जन म्हणून नाव मिळवले. बहिणीला बाळंतपणानंतर प्रचंड रक्तस्राव झाला, तेव्हा त्यांनी स्वतःचे रक्त काढून तिला दिले. रक्तगटांचा शोध तेव्हा लागायचा होता. ती वाचली, यात धाडसाइतकाच नशिबाचाही वाटा होता. आईच्या पित्ताशयातील खडेही त्यांनी स्वतःच, घरातच शस्त्रक्रिया करून काढले.

सप्टेंबर 1884 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे नेत्रतज्ज्ञांची परिषद भरली होती. व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी शोधून काढले होते, की कोकेनचे थेंब घातल्यास डोळा बधिर होतो आणि रुग्ण जागा असताना डोळ्याची शस्त्रक्रिया करता येते. कोलर यांच्याकडे प्रवासापुरते पैसे नव्हते. त्यांचा निबंध दुसऱ्याने वाचून दाखवला. काही आठवड्यांतच ही बातमी न्यूयॉर्कला पोहोचली.

इतर डॉक्टर डोळा, नाक, घसा यांवर थेंब टाकून पाहत होते. हॉलस्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांचा विचार एक पाऊल पुढचा होता. वेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेलाच मुळाशी औषध दिले, तर त्या नसेचा सगळा प्रदेश एकदम बधिर व्हायला हवा. खालच्या दातांची नस जबड्याच्या हाडात जिथे शिरते, तिथे हॉलस्टेड यांनी एका वैद्यकीय विद्यार्थ्याला कोकेन टोचले. काही मिनिटांत त्याचा त्या बाजूचा खालचा ओठ आणि खालचे दात मध्यरेषेपर्यंत बधिर झाले. हॉल यांनी डिसेंबरमध्ये हे प्रसिद्ध केले. नस बधिर करून शस्त्रक्रिया करण्याची आजची पद्धत इथून सुरू होते.

डोळ्यासाठी सापडलेले औषध असे दातांपर्यंत आले. पुढे अनुभवाने कळले, की दातांसाठी दिलेले औषध क्वचित उलट्या वाटेने डोळ्यापर्यंतही जाते. हॉलस्टेड यांनी ज्या जागी सुई घातली, तिथे नसेला चिकटून एक धमनी जाते. सुईचे टोक नकळत धमनीत गेले आणि औषध जोराने ढकलले गेले, तर ते रक्तप्रवाहाच्या विरुद्ध मागे सरकते. मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी धमनीही त्याच मूळ धमनीतून फुटते आणि काही माणसांत तिचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोड असतो. मग दाढेच्या इंजेक्शननंतर लगेच रुग्ण सांगतो, की एकाच्या दोन वस्तू दिसताहेत. बहुतेक वेळा डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारा स्नायू तात्पुरता लुळा पडलेला असतो. कधी पापणी खाली येते, कधी बाहुली मोठी होते, कधी चेहऱ्याचा भाग पांढराफटक पडतो. फारच क्वचित त्या डोळ्याने दिसेनासे होते. वरच्या मागच्या दाढांसाठी दिलेले औषध तर धमनीत न जाताही, हाडांमधील फटीतून झिरपत डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचू शकते.

रुग्ण घाबरतो, आणि डॉक्टरही. बहुतेक प्रसंगी भूल उतरते तसे, काही मिनिटांत किंवा काही तासांत, सारे पूर्ववत होते. तोवर काम थांबवायचे, डोळा झाकायचा आणि रुग्णाला एकट्याने गाडी चालवत घरी जाऊ द्यायचे नाही. दिसेनासे झाले किंवा त्रास काही तासांत उतरला नाही, तर वाट न पाहता नेत्रतज्ज्ञाकडे न्यायचे. नजर कायमची गेल्याच्या घटनाही, अत्यंत विरळ असल्या तरी, वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. टाळण्याचा उपाय साधा आहे. औषध सोडण्यापूर्वी पिचकारीचा दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येते का ते पाहायचे आणि औषध अगदी सावकाश सोडायचे.

सावकाशपणा हा हॉलस्टेड यांचा त्या काळातला गुण नव्हता. ते, हॉल आणि त्यांचे सहकारी स्वतःवरच प्रयोग करत होते, पुन्हा पुन्हा टोचून घेत होते. कोकेनचे व्यसन लागते हे तेव्हा कोणाला पुरते उमगले नव्हते. वर्षभरात हॉलस्टेड पूर्ण आहारी गेले. 1885 मध्ये त्यांनी कोकेनवर लिहिलेला लेख इतका असंबद्ध आहे, की वाक्य कुठे सुरू झाले आणि कुठे संपले याचा पत्ता लागत नाही. 1886 मध्ये त्यांना प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात कित्येक महिने राहावे लागले. कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन देण्याची तेव्हाची रीत. एक व्यसन आटोक्यात आले, दुसरे लागले. हॉल कॅलिफोर्नियाला निघून गेले आणि 1897 मध्ये तिथेच वारले.

हॉलस्टेड यांना त्यांचे मित्र विल्यम वेल्च यांनी बाल्टिमोरला बोलावून प्रयोगशाळेत काम दिले. पुढे नव्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या शल्यविभागाची धुरा त्यांच्याकडे आली. इथले हॉलस्टेड जणू वेगळेच गृहस्थ होते. अबोल, अलिप्त आणि शस्त्रक्रियेत कमालीचे संथ. रक्ताचा प्रत्येक थेंब थांबवायचा, ऊती हळुवार हाताळायच्या, ताण न देता टाके घालायचे, ही शिस्त त्यांनी घालून दिली. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशकाने सोलवटत, म्हणून त्यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करून घेतले. 1890 मध्ये दोघांनी लग्न केले. हातमोजे मात्र जगभरच्या सर्जनांच्या हाती गेले.

कोकेनची जागा पुढे प्रोकेनने आणि त्यानंतर 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेल्या लिग्नोकेनने घेतली. त्यांचे व्यसन लागत नाही. टोचायची जागा मात्र आजही जवळपास तीच आहे.

1922 मध्ये अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने हॉलस्टेड यांना सुवर्णपदक देऊन त्या पहिल्या इंजेक्शनचे श्रेय त्यांच्या नावावर केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पित्तनलिकेतील खड्यांवर त्यांच्याच शिष्यांनी शस्त्रक्रिया केली आणि तीनंतरच्या गुंतागुंतीत ते गेले. मॉर्फिनची गोष्ट बाहेर फुटली नव्हती. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांनी ती एका गुप्त टिपणात लिहून ठेवली होती. ते टिपण 1969 मध्ये उघडले गेले, तेव्हा जगाला कळले, की व्यसनमुक्त मानले गेलेले प्राध्यापक हॉलस्टेड बाल्टिमोरला आल्यानंतरही कितीतरी वर्षे रोज मॉर्फिन घेऊन काम करत होते.