संत ऑगस्टीन : कोसळत्या साम्राज्यात इतिहासाचा अर्थ शोधणारे बिशप

२८ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत ऑगस्टीन ह्यांचा सण साजरा करते. आदल्याच दिवशी त्यांच्या मातोश्री संत मोनिका ह्यांचा सण असतो. त्यामुळे आपल्या प्रवचनांतून मातेचे अश्रू आणि पुत्राचे मनपरिवर्तन एवढ्यावरच बहुधा हे चरित्र थांबते. मात्र त्या परिवर्तनानंतर संत ऑगस्टीन ४४ वर्षे जगले. मानवी इतिहास आणि परमेश्वराची योजना ह्यांविषयीचे त्यांचे चिंतन ह्या उत्तरार्धातले आहे. ते घडताना त्यांना स्वतःचेच काही विचार मागे घ्यावे लागले, म्हणून त्याकडे येथे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

पूर्वायुष्य थोडक्यात सांगतो. १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील तागास्ते येथे, म्हणजे आजच्या अल्जीरियातील सूक अहरास येथे, त्यांचा जन्म झाला. कार्थेजमध्ये त्यांनी वक्तृत्वशास्त्राचे शिक्षण घेतले. नऊ वर्षे ते मानी पंथाचे अनुयायी होते. ३८४ साली मिलान येथे वक्तृत्वाचे प्राध्यापक झाले आणि तेथे बिशप संत अँब्रोज ह्यांची प्रवचने त्यांच्या कानी पडली. ३८६ साली परिवर्तन झाले आणि ३८७ च्या पुनरुत्थान सणाच्या जागरण-रात्री स्नानसंस्कार. मायदेशी परतल्यावर ३९१ साली हिप्पो ह्या बंदराच्या नगरात लोकांनी आग्रहाने त्यांना धर्मगुरू करविले. काही वर्षांतच ते तेथील बिशप झाले.

तो काळ ख्रिस्ती लोकांच्या विजयाचा होता. ज्या साम्राज्याने हुतात्म्यांचे रक्त सांडले, त्याच साम्राज्याचे सम्राट आता क्रुसापुढे नतमस्तक होत होते. ३९९ साली कार्थेजमधील देवळे शाही अधिकाऱ्यांनी बंद केली, मूर्ती फोडल्या. जुन्या करारातील भाकिते आपल्या डोळ्यांदेखत पूर्ण होत आहेत, असे त्या वर्षांत संत ऑगस्टीन ह्यांनाही वाटले. तसे त्यांनी उत्साहाने लिहिलेही. साम्राज्य ख्रिस्ती झाले म्हणजे देवाच्या योजनेचा एक मोठा टप्पा पार पडला, हा त्या पिढीचा समज होता.

२४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिकच्या गॉथ सैन्याने रोममध्ये प्रवेश केला आणि तीन दिवस नगर लुटले. सुमारे आठशे वर्षांत परकीय शत्रूने रोम घेतले नव्हते. दूर बेथलेहेममध्ये संत जेरोम ह्यांना ही वार्ता ऐकून लेखणी धरवेना. निर्वासितांची गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली. त्यांत सुशिक्षित, श्रीमंत मूर्तिपूजक होते आणि त्यांचा आरोप सरळ होता. जुन्या देवांना सोडले, ख्रिस्ताला धरले, म्हणून रोम बुडाले. गंमत अशी, की संत पेत्र आणि संत पौल ह्यांच्या मंदिरांत आश्रय घेतलेल्यांना गॉथांनी अभय दिले होते आणि तेथे जीव वाचलेल्यांपैकीच काही जण आता ख्रिस्ताला दोष देत होते.

मार्सेलिनस नावाचा एक सच्छील ख्रिस्ती शाही अधिकारी ह्या वादाने व्याकूळ झाला आणि त्याने बिशपांना उत्तर लिहिण्याची विनंती केली. त्यातून ‘देवाची नगरी’ हा ग्रंथ सुरू झाला. त्याचे २२ खंड पूर्ण व्हायला सुमारे १३ वर्षे लागली. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत आम्ही तो तुकड्यातुकड्यांनीच वाचला, हे कबूल केले पाहिजे. आरंभीच लेखक वळतात ते रोममध्ये अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांकडे. प्राचीन रोममध्ये लुक्रेशियाने अशा प्रसंगी आत्महत्या केली आणि शतकानुशतके तिचा गौरव झाला. संत ऑगस्टीन ह्यांनी स्पष्ट सांगितले, की दुसऱ्याने बळजबरीने केलेल्या पापाने त्या स्त्रियांचे पावित्र्य भंगलेले नाही आणि जिवंत राहिल्याबद्दल त्यांना लाज वाटण्याचे कारण नाही. इतिहासावरच्या एवढ्या विशाल ग्रंथाचा आरंभ ह्या दुःखितांच्या सांत्वनाने व्हावा, हे मला फार मोलाचे वाटते.

पुढे मुख्य विचार येतो. मानवजातीत आरंभापासून दोन नगरी आहेत. एकीचा पाया देवावरचे प्रेम, तर दुसरीचा स्वतःवरचे प्रेम. ह्याचा अर्थ ख्रिस्तसभा आणि राज्यसंस्था असा काढणे चूक आहे. शेतात गहू व निदण एकत्र वाढावे तशा ह्या नगरी जगाच्या अंतापर्यंत मिसळलेल्या राहणार. ख्रिस्तसभेच्या संस्कारांत सहभागी होणारे काही जण दुसऱ्या नगरीचे असतील आणि आज छळ करणाऱ्यांत उद्याचे देवाचे नागरिक असतील. म्हणून कोणत्याही राज्याचा उत्कर्ष ही देवाची पावती नव्हे आणि त्याचा ऱ्हास हा देवाचा पराभवही नव्हे.

काळ चक्रासारखा फिरतो, सारे पुन्हापुन्हा घडते, हे ग्रीक तत्त्वज्ञांचे मत त्यांनी नाकारले, कारण ख्रिस्त एकदाच मरण पावला आणि एकदाच उठला. इतिहासाला आरंभ आहे, दिशा आहे, शेवट आहे. आदामपासून नोहा, नोहापासून आब्राहाम, मग दावीद, मग बाबिलोनची हद्दपारी, मग ख्रिस्ताचे आगमन अशी पाच युगे झाली. आपण सहाव्यात आहोत. सातवे म्हणजे देवाच्या विश्रांतीचा शब्बाथ. हे सहावे युग किती वर्षांचे, ह्याची गणिते मांडण्यास मात्र त्यांनी ठाम नकार दिला. ओरोसियस ह्या तरुण स्पॅनिश धर्मगुरूने त्यांच्याच सूचनेवरून सात खंडांचा इतिहास लिहिला आणि ख्रिस्ती काळात जग कसे सुधारले ते दाखविले. इजिप्तवरील दहा पीडांप्रमाणे ख्रिस्ती लोकांचे छळही दहाच, असा हिशेबही त्याने मांडला. असे आकडे ठरविणे योग्य नाही, हे संत ऑगस्टीन ह्यांनी अठराव्या खंडात, त्याचे नाव न घेता, नोंदविले आहे.

ग्रंथाचे पहिलेच खंड बाहेर पडत होते, तोच मार्सेलिनसवर बंडात सामील असल्याचा आळ आला. संत ऑगस्टीन ह्यांनी त्याच्यासाठी रदबदली केली, बिशपांनी दरबाराकडे माणसे पाठविली. तरीही १३ सप्टेंबर ४१३ रोजी कार्थेज येथे त्याचा शिरच्छेद झाला. ख्रिस्ती साम्राज्याच्या ख्रिस्ती सेनापतीने तो करविला. संत ऑगस्टीन ह्यांनी लगेच कार्थेज सोडले.

त्याच लेखणीने डोनाटिस्ट पंथीयांना ऐक्यात आणण्यासाठी शाही बळाचा वापर समर्थनीय ठरविला होता, हेही विसरता येत नाही. राज्यसत्तेविषयीची त्यांची साशंकता ह्या एका बाबतीत थिटी पडली, असे मला वाटते.

४२९ साली वँडल टोळ्या स्पेनमधून आफ्रिकेत उतरल्या. बंदिवानांना सोडविण्यासाठी ह्या बिशपांनी पूजेची पात्रे वितळवून पैसा उभा केला होता. ४३० च्या उन्हाळ्यात हिप्पोलाच वेढा पडला. तिसऱ्या महिन्यात त्यांना ज्वर चढला. त्यांचे सहकारी बिशप पोसिदियस ह्यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. त्यानुसार संत ऑगस्टीन ह्यांनी दावीदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन खोलीच्या भिंतीवर लावली होती. अखेरचे सुमारे दहा दिवस वैद्य आणि भोजन आणणारे ह्यांखेरीज कोणालाही आत येऊ दिले नाही. अंथरुणावर पडून ते ती स्तोत्रे वाचीत आणि रडत. २८ ऑगस्ट ४३० रोजी, ७५ वर्षांचे असताना, त्यांनी देह ठेवला.

मृत्युपत्र केले नव्हते, कारण देण्याजोगे काही नव्हते. ग्रंथालय तेवढे जपावे, असे त्यांनी सांगून ठेवले होते. वेढा १४ महिने चालला. नंतर रहिवाशांनी नगर सोडले आणि शत्रूने ते जाळले. ग्रंथ मात्र वाचले.