विजयानंतरची कसोटी : जनरल युलिसिस ग्रँट

माणसाच्या चारित्र्याची पारख संकटकाळी होते, तशीच ती हाती सत्ता आल्यावरही होते. पराभूत शत्रू समोर उभा असताना विजेता कसा वागतो, यावरून त्याची खरी योग्यता कळते. अमेरिकेच्या यादवी युद्धातील (१८६१-१८६५) उत्तरेचे सेनापती युलिसिस ग्रँट यांचे जीवन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यात झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयातून १८४३ मध्ये ते बाहेर पडले, मेक्सिकोच्या युद्धात लढले आणि १८५४ मध्ये त्यांनी लष्कर सोडले. त्यानंतरची वर्षे हलाखीची गेली. सेंट लुईसजवळची शेती तोट्यात गेली. शहरात सरपण विकून त्यांनी संसार चालविला. त्यांची सासुरवाड गुलाम बाळगणारी होती आणि विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम त्यांच्याही मालकीचा झाला होता. त्याला विकले असते तर मोठी रक्कम हाती आली असती. तशा विपन्नावस्थेतही १८५९ मध्ये ग्रँट यांनी त्याला कायदेशीर दस्तऐवज करून मुक्त केले.

युद्ध पेटले तेव्हा ते वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करीत होते. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्यांनी डोनेल्सनचा किल्ला जिंकला. एप्रिलमध्ये शायलो येथे शत्रूने त्यांच्या सैन्याला बेसावध गाठले. परंतु पहिल्या दिवसाच्या पीछेहाटीनंतरही त्यांनी माघार घेतली नाही आणि दुसऱ्या दिवशी रणांगण राखले. या दोन दिवसांत दोन्ही पक्षांचे मिळून २३,००० हून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले.

त्याच वर्षी १७ डिसेंबरला त्यांच्या हातून एक घोर अन्याय घडला. कापसाच्या चोरट्या व्यापाराने ते त्रस्त झाले होते. या व्यापारात सर्व समाजांतील लोक गुंतले होते. तरीही ग्रँट यांनी आपल्या अखत्यारीतील प्रदेशातून सरसकट यहुदी लोकांना हद्दपार करण्याचा हुकूम काढला. पडुका गावातील निरपराध कुटुंबांना घरेदारे सोडावी लागली. गाऱ्हाणे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यापर्यंत पोहोचले आणि त्यांनी तो हुकूम रद्द करविला. काहींच्या अपराधासाठी अख्ख्या समाजाला शिक्षा देणे हा जुलूमच होय, मग तो करणारा कितीही थोर असो. पुढे ग्रँट यांना या कृत्याचा पश्चात्ताप झाला. राष्ट्राध्यक्षपदी असताना त्यांनी यहुदींना शासकीय पदांवर नेमले, आणि १८७६ मध्ये राजधानीतील त्यांच्या नव्या प्रार्थनामंदिराच्या उद्घाटनाला ते स्वतः उपस्थित राहिले.

४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्ग पडले आणि मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात आली. मार्च १८६४ मध्ये ग्रँट सरसेनापती झाले. कोल्ड हार्बरच्या हल्ल्यात त्यांचे हजारो सैनिक मृत वा जखमी झाले. त्याची खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली.

९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली शरण आले. ग्रँट चिखलाने माखलेल्या साध्या गणवेशातच तेथे गेले होते. त्यांनी कोणालाही बंदी केले नाही. शस्त्रे ठेवून, पुन्हा न लढण्याचे वचन देऊन घरी जाण्याची सर्वांना मुभा दिली. पेरणीसाठी उपयोगी पडतील म्हणून सैनिकांना स्वतःचे घोडे व खेचरे नेऊ दिली, उपाशी सैन्याला शिधा पोहोचविला आणि आपल्या छावणीत सुरू झालेली विजयाची तोफांची सलामी थांबविली.

काही दिवसांतच लिंकन यांची हत्या झाली आणि सूडाची भाषा सुरू झाली. जूनमध्ये ली यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. तेव्हा ग्रँट यांनी नवे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना बजावले की, शरणागतांना दिलेले वचन मोडले जाणार असेल, तर आपण पदत्याग करू. अखेर तो खटला चाललाच नाही.

१८६९ ते १८७७ या काळात ग्रँट राष्ट्राध्यक्ष होते. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचा त्यांनी कठोरपणे बीमोड केला. मात्र स्वतः सचोटीचे असूनही अप्रामाणिक सहकाऱ्यांवर विश्वास टाकल्याने त्यांची कारकीर्द डागाळली. जगप्रवासात १८७९ मध्ये ते मुंबईतही येऊन गेले. १८८४ मध्ये भागीदाराच्या लबाडीने ते कंगाल झाले. घशाच्या कर्करोगाने ग्रासले असताना, कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून त्यांनी आत्मचरित्र लिहून पूर्ण केले आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, त्यांचे निधन झाले.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला रणांगण येते. पण भाऊबंदकीचा वाद, जमिनीचा तंटा, मोहल्ल्यातील भांडण हे सर्वांच्या वाट्याला येते. असा वाद आपण जिंकलो, तर हरलेल्याला त्याची रोजीरोटी आणि अब्रू सांभाळून घरी परतता येईल, एवढी वाट मोकळी ठेवावी, आणि त्याला दिलेला शब्द आपलीच माणसे मोडू पाहतील तेव्हा त्यांना अडवावे.