हेमाद्रिपंत : व्रतांचे संग्राहक, आहाराचे भाष्यकार

हेमाद्रिपंतांचे नाव कानांवर आले नाही असे मराठी कुटुंब विरळाच. चुन्यावाचून रचलेल्या दगडी देवळांस आपण हेमाडपंती म्हणतो, मोडी लिपीचे श्रेयही लोकपरंपरा त्यांनाच देते, आणि श्रावणीच्या दिवशी म्हटला जाणारा महासंकल्प त्यांच्याच नावाने ओळखला जातो. परंतु याच पुरुषाने आहार व आरोग्य यांचा सखोल विचार करणारा ग्रंथ लिहिला, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. आज तीच वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

हेमाद्रि हे वत्सगोत्री कामदेवाचे पुत्र. देवगिरीच्या यादवकुळातील महादेवराजाच्या कारकिर्दीत, म्हणजे सन १२६१ ते १२७१ या काळात, ते श्रीकरणाधिप होते. राज्याचा सर्व पत्रव्यवहार व दप्तर यांच्यावरील हा मुख्य अधिकार होय. पुढे रामचंद्रराजाच्या काळीही त्यांचा अधिकार कायम राहिला. सन १२७२ च्या ठाणे येथील ताम्रपटात त्यांचा उल्लेख आहे. ज्या रामचंद्राच्या राज्यात सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तोच हा राजा. वैद्य केशव यांचे पुत्र बोपदेव यांच्यासारख्या विद्वानांस हेमाद्रींचा आश्रय होता. राज्याचा एवढा भार वाहतानाच त्यांनी चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड ग्रंथ रचला. त्यातील व्रतखंडात तिथी, वार व मास यांना अनुसरून शेकडो व्रते सांगितली आहेत. पुढील निबंधकारांनी व्रतनिर्णय देताना हेमाद्रींचा आधार वारंवार घेतलेला आढळतो.

एवढे कार्य झाल्यावर हेमाद्रि वाग्भटाच्या अष्टांगहृदयाकडे वळले आणि त्यावर आयुर्वेदरसायन नावाची टीका त्यांनी लिहिली. ती का लिहिली, हे त्यांनी आरंभीच सांगून ठेवले आहे. चतुर्वर्गचिंतामणीत सांगितलेली व्रते व दाने सिद्धीस जाण्यास आरोग्य हे अंग आहे, आणि ते आरोग्य लाभावे म्हणून ही टीका, असा त्यांचा आशय आहे. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत मननीय भाग होय. ज्याने घरोघरच्या उपवासांची व्यवस्था लावली, त्यानेच शरीर क्षीण करून व्रत साधत नाही हे जाणले होते.

वाग्भटाच्या सूत्रस्थानावरील त्यांची टीका संपूर्ण उपलब्ध आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ती अरुणदत्ताच्या टीकेसह प्रसिद्ध केली. या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मनुष्याची प्रकृती व जठराग्नी यांचा संबंध सांगितला आहे. वाताच्या योगाने अग्नी विषम होतो, म्हणजे भूक कधी लागते, कधी लागत नाही. पित्ताने तो तीक्ष्ण होतो व कफाने मंद. तिन्ही दोष सम असतील तर अग्नीही सम. मधुर, आम्ल व लवण रसांनी वात शमतो. कडू, तिखट व तुरट रसांनी कफ. आणि तुरट, कडू व मधुर रसांनी पित्त. म्हणून एकाच पंक्तीत बसलेल्या तिघा भावांना एकच वाढप सारखेच मानवेल असे नाही.

आठव्या अध्यायात मात्रेचा विचार येतो. कुक्षीचे चार भाग कल्पून दोन भाग घन अन्नाने व एक द्रवाने भरावा आणि चौथा वायूच्या संचारासाठी मोकळा ठेवावा. पहिले जेवण पचण्यापूर्वी पुन्हा खाणे, अवेळी किंवा अतिशय कमी-अधिक खाणे, ही दोषांची कारणे म्हटली आहेत. जेवणापूर्वी पितर, देव, अतिथी, बालके व गुरू यांना तृप्त करावे, घरी पाळलेल्या पशुपक्ष्यांचीही विचारपूस करावी, आणि मग आपली प्रकृती ओळखून, अन्नाची निंदा न करता, मुकाट्याने, फार घाईने नव्हे आणि फार रेंगाळतही नव्हे, असे मन लावून जेवावे, असा तेथील विधी आहे.

चौदाव्या अध्यायातील विवेचन तर आपल्या घरांशी थेट निगडित आहे. भूक सोसणे हा लंघनाचा एक प्रकार तेथे मानला आहे; परंतु गर्भिणी, बाळंतीण, बालक, वृद्ध, दुर्बल आणि वातप्रकृतीचा मनुष्य यांचे पोषणच करावे असे सांगितले आहे. हेमाद्रींनी या अध्यायावरही टीका केली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता आपल्याकडे पाहू. पोलोग्राउंडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांची भोजनाची वेळ नित्य बदलते. सकाळी पोहे-जिलेबी, रात्री सराफ्याची फेरी, आणि एकादशीस साबुदाण्याची खिचडी व तळलेले बटाटे. बटाटा, मिरची, शेंगदाणा ही पिके अमेरिका खंडातून आली. साबुदाणाही तिकडच्याच कंदाचा. हेमाद्रींच्या काळी यांपैकी एकही पदार्थ येथे नव्हता. उपवासाच्या निमित्ताने दुप्पट खाल्ले, तर लंघनाचा हेतू बाजूसच राहतो. उलट घरातील गरोदर सून किंवा ऐंशीच्या घरातील आजी निर्जळी उपवास धरते, आणि सारे कुटुंब तिचे कौतुक करते! या दोन्ही गोष्टी हेमाद्रींच्या दृष्टीशी विसंगत आहेत. मधुमेहावर औषध घेणाऱ्याने तर वैद्य वा डॉक्टर यांस विचारल्यावाचून उपवास धरू नये. औषध घेऊन पोट रिकामे राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

व्रत करावे, पण आपल्या अग्नीस व वयास पाहून करावे. ज्यांस झेपत नाही त्यांनी एक वेळ साधे, ऊन व हलके अन्न देवास दाखवून घ्यावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांस तशी मोकळीक आपण होऊन द्यावी. व्रतखंडाच्या कर्त्याने आरोग्याची टीका लिहिली, तिचा खरा मान याहून निराळा तो कोणता?