छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून डॉक्टरने कागदाची गुंडाळी केली अन् स्टेथोस्कोप जन्माला आला

न्यूमोनियाचा पेशंट ॲडमिट झाला की नर्स दर काही तासांनी येते. ताप बघते, मिनिटाला श्वास किती ते मोजते, बोटाला ऑक्सिमीटर लावते. मग पाठीवर स्टेथोस्कोप टेकवून जोरात श्वास घ्यायला सांगते. सकाळी ऐकलं, मग परत परत कशाला ऐकायचं, असं नातेवाईकांना वाटतं.

याचं उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच डॉक्टरकडे आहे. त्याचं नाव रेने लेनेक.

लेनेकचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ चा, ब्रिटनी भागातल्या कँपेर गावचा. तो लहान असतानाच आई गेली. पुढे नांत शहरात डॉक्टर असलेल्या काकांनी त्याला सांभाळलं आणि तिथेच त्याला वैद्यकीची गोडी लागली. १८०१ मध्ये तो शिकायला पॅरिसला गेला.

त्या काळी छातीत काय चाललंय हे कळायला दोनच मार्ग होते. एक, बोटांनी छाती ठोकून बघायची. दोन, थेट छातीला कान लावायचा.

१८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलात लेनेकपुढे हृदयाचा त्रास असलेली एक तरुणी आली. अंगाने जाड असल्यामुळे ठोकून काही कळेना आणि तिच्या छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना. तेव्हा त्याला आठवलं, की लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं. त्याने कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षाही स्वच्छ ऐकू आले.

मग त्याने लाकडाची नळी बनवली. गडी बासरी वाजवायचा आणि लेथवर लाकूडही स्वतः कातायचा.

पण खरं काम पुढेच होतं. तीन वर्षं तो पेशंटच्या छातीतले आवाज ऐकून टिपत राहिला. कुणी दगावलं तर शवविच्छेदन करून आवाज आणि आजार यांची जोडी जुळवत राहिला. १८१९ मध्ये त्याचा ग्रंथ आला.

न्यूमोनियाबद्दल त्याला काय सापडलं? आजाराच्या सुरुवातीला तापलेल्या भांड्यात मीठ तडतडावं तसा बारीक आवाज येतो. पुढे फुफ्फुस यकृतासारखं घट्ट होतं आणि ही तडतड थांबते. पेशंट बरा व्हायला लागला की ती परत येते.

म्हणजे तोच आवाज कधी आजार सुरू झाल्याचं सांगतो, तर कधी उतरत असल्याचं. एकदाच ऐकून हा फरक कळत नाही. आधी काय ऐकलं होतं, ते माहीत असावं लागतं. म्हणूनच नर्स प्रत्येक वेळी नोंद करते आणि आधीच्या नोंदीशी ताडून बघते. श्वासाचा वेग वाढला, ऑक्सिजन घसरला किंवा पेशंट बरळायला लागला, तर लगेच डॉक्टरांना कळवते.

लेनेककडे न्यूमोनियावर खात्रीचं औषध नव्हतं. पेनिसिलिन पेशंटपर्यंत पोहोचायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. पण औषध द्यायच्या आधी छातीत काय चाललंय ते ओळखायचं कसं, हे तो शिकवून गेला.

त्याची स्वतःची तब्येत कायम नाजूक. १८२६ मध्ये खोकला आणि ताप हटेना, तेव्हा त्याने नात्यातल्या मेरियाडेकला आपली छाती ऐकायला लावली. मेरियाडेकने जे ऐकलं ते सांगितलं. लेनेकनेच लिहून ठेवलेली क्षयरोगाची लक्षणं होती ती.

तो ब्रिटनीला परतला आणि १३ ऑगस्ट १८२६ रोजी गेला. वय अवघं ४५. स्वतःचा स्टेथोस्कोप त्याने मेरियाडेकच्या नावे ठेवला होता.

त्यामुळे पुढच्या वेळी नर्स तिसऱ्यांदा पाठीवर स्टेथोस्कोप ठेवायला आली, तर वैतागू नका. टीव्हीचा आवाज बंद करा आणि तिला नीट ऐकू द्या.