पाटीवर नाव बाप-लेकाचं

मे महिना जवळ आला की आपल्याकडे ‘यंदा कुठली टूर?’ ही चर्चा सुरू होते. एकदा पैसे भरले की गाडी, मुक्काम, जेवणखाण सगळं ठरलेलं. आपण फक्त बॅग भरायची! ही सोय जगाच्या अंगवळणी पाडणारा माणूस म्हणजे थॉमस कुक.

इंग्लंडमधल्या मेलबर्न गावात २२ नोव्हेंबर १८०८ रोजी त्याचा जन्म झाला. लहानपणीच वडील गेले. दहाव्या वर्षी शाळा सुटली. माळ्याच्या हाताखाली राबला, सुतारकाम शिकला, पुढे धर्मप्रचारक होऊन गावोगाव पायी फिरला. १८३३ मध्ये शेतकऱ्याची लेक मेरियन त्याच्या संसारात आली.

दारूपायी उद्ध्वस्त होणारी घरं त्याने जवळून पाहिली आणि दारूबंदीचं काम हाती घेतलं. आपल्याकडच्या ‘आडव्या बाटली’साठी झटणाऱ्या बायकांना त्याची तळमळ लगेच कळेल. माणसाला गुत्त्यातून ओढून काढायचं तर त्याला दुसरा विरंगुळा द्यायला नको का? ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे पाचशे माणसांना दारूबंदीच्या मेळाव्यासाठी आगगाडीने लेस्टरहून लफबरोला नेलं. भाडं माणशी एक शिलिंग!

मग सहलींचा सिलसिलाच सुरू झाला. १८५१ मध्ये लंडनचं भव्य प्रदर्शन बघायला त्याने दीड लाखाच्या आसपास लोक नेले. १८६३ मध्ये स्वित्झर्लंड झालं. त्याच्या सहलींत बायका मोठ्या संख्येने असत. एकट्या बाईने प्रवासाला निघणं तेव्हा लोकांना खपत नसे, पण कुकसोबत म्हटलं की घरचे निर्धास्त. १८७२-७३ मध्ये तर तो मंडळी घेऊन २२२ दिवसांत जगाला फेरी मारून आला. त्यात आपला भारतही होता.

इकडे मेरियन लेस्टरमध्ये दारूमुक्त हॉटेल सांभाळत होती. पाटीवर मात्र नाव लागलं ‘थॉमस कुक अँड सन’. मुलगा जॉन हुशार, हिशेबाला पक्का. बापाला हे सेवाकार्य वाटे, मुलाला धंदा. दोघांचं पटेना. १८७८-७९ च्या सुमारास थॉमसला बाजूला व्हावं लागलं. १८८० मध्ये तरुण मुलगी अ‍ॅनी घरच्या न्हाणीघरात अपघाताने गेली, १८८४ मध्ये मेरियन गेली. त्याची नजरही अधू होत गेली. १८९१ मध्ये कंपनीचा सुवर्णमहोत्सव थाटात झाला, पण त्या मेजवानीत थॉमस नव्हता. १८ जुलै १८९२ रोजी त्याने जगाचा निरोप घेतला.

जॉनने धंदा जगभर वाढवला. मुंबईत १८८१ मध्येच कचेरी निघाली होती. १८९९ मध्ये तोही गेला. नातवांनी १९२८ मध्ये कंपनी विकून टाकली आणि तीन पिढ्यांचा धंदा घराबाहेर गेला. २०१९ मध्ये ती ब्रिटिश कंपनी बुडाली. भारतातली त्याच नावाची कंपनी वेगळी असल्यामुळे ती चालू राहिली.

दुकान असो की शेती, आपल्याही घरांत बाप-लेकाचे असे खटके उडतातच. बाजू दोघांचीही खरी असते. पण हजारोंना एकत्र प्रवास घडवणाऱ्या माणसाला लेकासोबतची वाट काही सापडली नाही, याची हुरहुर लागते. आणि मेरियन? तिचं नाव तर पाटीवर कधी आलंच नाही. यंदा सहलीला निघाल तेव्हा तिचीही आठवण काढा!